कार्बाइडची बटनं झिजायच्या आधीच तुटतात – कोबाल्ट वाढवणं एवढाच उपाय आहे का?

बिटवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. आमचं सोलापुरात एमआयडीसीत छोटं शॉप आहे, बोअरवेलच्या डीटीएच बिटांचं (हॅमर बोअरच्या आत बिटाच्या मागंच असतो तो प्रकार) ग्राइंडिंग करतो आणि बिटाच्या तोंडावरचं खडक फोडणारं कार्बाइडचं बटन उडालेलं असेल तर नवीन बसवून देतो. होळी झाली की गाड्यांची रांग लागते, तिरुचेंगोडच्या गाड्या असतात, आपल्याकडच्या असतात, आणि सगळ्यांची बिटं तीच साडेसहा इंची. इतकी वर्षं बटनं झिजून यायची, सपाट झालेलं डोकं परत गोल करून द्यायचं एवढंच काम होतं. पण गेल्या सीझनपासून एका नवीन सप्लायरचा माल घेतोय आणि त्यातली बटनं झिजत नाहीत, थेट तुटून येतात, कधी अर्धं डोकं उडालेलं तर कधी उभी चीर बॉडीपर्यंत. सप्लायरला फोन केला की एकच उत्तर, जास्त कोबाल्टचा ग्रेड घ्या. घेऊन पाहिला. तुटणं कमी झालं हे खरं, पण काळ्या पाषाणात थोड्याच फुटांत डोकी सपाट झाली आणि रिगवाले परत माझ्याच दारात.

मला हे नीट समजून घ्यायचंय. कडकपणा ठेवला तर तुटतं, चिवटपणा आणला तर झिजतं, याच्यामधला काही रस्ता आहे का नाही? माल विकत घेताना नेमकं काय विचारायचं? मेटलर्जीवाले कोणी असतील तर प्लीज सविस्तर लिहा, कितीही मोठं असलं तरी वाचतो.

रिग_मोहोळ

मालक, बटनाचा दोष असंल पण सगळाच बटनाचा नसतो बरं का. आपल्याकडं खडक एकसारखा कुठं हाय? वर मुरूम, मग मांजऱ्या, मधीच तांबडा गेरूचा थर आणि त्याच्या खाली एकदम काळा पाषाण. बिट फटीत गेलं की एका बाजूला आधार नसतो आणि सगळा मार बाहेरच्या ओळीतल्या दोन-तीन बटनांवर येतो. माझ्या गाडीवर तुटलेली बटनं बघितली तर बाहेरचीच जास्त असतात, मधली सहसा तुटत नाहीत. दुसरी गोष्ट, पोरं रॉड उचलताना हवा बंद करत नाहीत, हॅमर खडकाला टेकलेला नसताना रिकामा वाजत राहतो, त्यानं पण बटनं हलतात. हे सांगून सांगून थकलो. तरी पण तुमचं म्हणणं बरोबर हाय, यंदा काही बटनं काच फुटल्यासारखी फुटलीत, तसं आधी होत नव्हतं.

धातुशाळा

मी मटेरियल सायन्स शिकवते, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्यांदा बटन म्हणजे काय ते बघू. टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण आणि त्यांच्यामध्ये कोबाल्ट धातू. कण सिरॅमिकसारखे कडक आणि ठिसूळ, कोबाल्ट मऊ आणि ताणला जाणारा. जर्मनीत ओसराम कंपनीत कार्ल श्रॉटरनं १९२३ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढं क्रुपनं ते विडिया नावानं बाजारात आणलं, आपल्याकडं जुने टर्नर अजूनही कार्बाइडच्या टिपेला विडियाच म्हणतात. ६ टक्के कोबाल्ट म्हणतात ते वजनानं असतं, आकारमानानं तोच कोबाल्ट साधारण १० टक्के भरतो, आणि वजनानं १० टक्के असेल तर आकारमानानं १६ च्या पुढं जातो. कोबाल्ट हलका आहे म्हणून. म्हणजे ग्रेडमधला छोटा आकडा प्रत्यक्षात बराच मोठा बदल असतो, तुमच्या बटनांची डोकी एवढ्या लवकर का बसली याचं एक कारण हे.

आता चिवटपणा. भेग पुढं सरकायला किती विरोध होतो ते मोजायचं एक माप आहे, फ्रॅक्चर टफनेस, एकक मेगापास्कल रूट मीटर. साधी अॅल्युमिना सिरॅमिक ३ ते ४ वर असते. ६ टक्के कोबाल्टचं बारीक कणांचं कार्बाइड ९-१० च्या आसपास, तेवढ्याच कोबाल्टचं पण जाड कणांचं १२-१३ पर्यंत, आणि १५ टक्के कोबाल्ट आणि जाड कण असतील तर १७ च्या पुढं. जास्तीचा विरोध येतो कुठून? भेग कार्बाइडचा कण फोडून किंवा दोन कणांच्या सांध्यातून पुढं जाते, पण मागं राहिलेले कोबाल्टचे बारीक पट्टे लगेच तुटत नाहीत, ते ताणले जातात आणि भेगेची दोन्ही तोंडं धरून ठेवतात. हे पट्टे भेगेच्या टोकामागं जेमतेम काही मायक्रॉनच असतात, पण तुटताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा त्यांचाच.

म्हणजे बघा, नुसता कोबाल्ट किती टक्के हे महत्त्वाचं नाही, दोन कणांमध्ये त्याचा थर किती जाड आहे हे महत्त्वाचं. कण जाड केले तर तेवढ्याच कोबाल्टचे थर जाड होतात आणि चिवटपणा वाढतो. पण कडकपणा उतरतो. कोबाल्ट वाढवा किंवा कण वाढवा, दोन्हीकडं देवाणघेवाण आहेच, तुमचा सप्लायर तेवढंच सांगतोय.

पण तो एक गोष्ट सांगत नाहीये. बटन तुटणं हे फक्त या मापावर अवलंबून नसतं, आत आधीपासून किती मोठा दोष आहे यावर पण असतं. साधा हिशोब करा, चिवटपणा १० आणि बटनातला ताण २००० मेगापास्कल धरला तर पृष्ठभागावरची सहा-सात मायक्रॉनची भेग पुरते. आतली गोल पोकळी असेल तर साधारण ४० मायक्रॉन व्यासाची. केसाची जाडी याच्यापेक्षा जास्त असते. तेव्हा दोष काढून टाकले तर कोबाल्ट जरासाही न वाढवता, कडकपणा तसूभर न घालवता बटन टिकतं. माझ्या मते छोट्या शॉपनं पहिल्यांदा इथंच बघावं, ग्रेड बदलायच्या मागं नंतर लागावं.

चिंचोळी_टूलरूम

मॅडमनी फार छान समजावलं. पृष्ठभागावरच्या भेगेबद्दल माझी भर. आमच्याकडं ब्रेझिंग केलेल्या, म्हणजे दुसरा धातू वितळवून स्टीलला जोडलेल्या टिपांचं काम असतं आणि तिथं मी बघितलंय की टिप फॅक्टरीतून चांगली येते आणि आपणच तिच्यात भेग घालतो. स्टील तापल्यावर कार्बाइडच्या दुपटीच्या आसपास पसरतं, त्यामुळं ब्रेझिंग करून थंड होताना स्टील जास्त आकसतं आणि टिपेत ताण अडकून बसतो. त्यात कोणी घाई करून पाण्यात बुडवलं तर संपलंच. आम्ही मोठ्या टिपांना मधे तांबं आणि दोन्ही बाजूला चांदीची ब्रेझ असलेली पट्टी वापरतो, मधलं तांबं दबतं आणि ताण खातं, आणि जॉब गरम राखेत नाहीतर व्हर्मिक्युलाइटमधे ठेवून हळू गार करतो.

तुमची बटनं दाबून बसवलेली असतात त्यामुळं ब्रेझिंगचा प्रश्न नाही, पण ग्राइंडिंगचा आहे. डायमंड व्हील घासलेलं असेल, पाणी नीट पडत नसेल, किंवा पोरगा जोर देऊन दाबत असेल तर डोक्यावर जाळीदार बारीक भेगा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. बिट परत जातं, हॅमरचा मार बसतो आणि तीच भेग आत उतरते. सपाट भाग बटनाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की लगेच ग्राइंडिंगला आणायला सांगा. त्याच्या पुढं नेलं की घर्षण वाढतं, बटन तापतं, हवेनं गार होतं, परत तापतं आणि सापाच्या कातडीसारख्या भेगा पडतात. मग ग्राइंडिंग करताना तो भेगाळलेला थर पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर वरून चकचकीत आणि आत तसंच.

बिटवाला_अक्कलकोटरोड

@धातुशाळा मॅडम, हा हिशोब मला कोणीच सांगितला नव्हता, मनापासून धन्यवाद. @टूलरूम अण्णा, एक तृतीयांशचा नियम आम्ही पाळतो पण रिगवाले आणत नाहीत हो, बोअर चालू असताना बिट काढायला कोणी तयार नसतं. तरी बोर्ड लावतो शॉपमधे.

पावडरमेट_हैदराबाद

मी मूळचा बार्शीचा, सध्या हैदराबादेत पावडर मेटलर्जीत काम करतो. वर दोष म्हणून पोकळी आणि भेगा आल्या, पण तिसरा दोष आहे जो कुठल्याच भिंगातून सहज दिसत नाही आणि स्वस्त मालात हमखास असतो. कार्बनचा तोल.

शुद्ध टंगस्टन कार्बाइडमधे कार्बन ६.१३ टक्के असतो. सिंटरिंग करताना, म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत तापवून घट्ट करताना, १४०० डिग्रीच्या आसपास कोबाल्ट वितळतो, त्यात थोडं टंगस्टन आणि कार्बन विरघळतं, आणि भट्टीतल्या वातावरणातून कार्बन कमी-जास्त होत राहतो. पावडर ओलसर राहिली, जास्त ऑक्सिजन घेऊन आली, की तो ऑक्सिजन कार्बन खाऊन बाहेर जातो. कार्बन कमी पडला की ईटा नावाचा फेज तयार होतो, टंगस्टन-कोबाल्ट-कार्बनचं ठिसूळ संयुग, आणि हा फेज नेमका कोबाल्टच खाऊन तयार होतो. म्हणजे ज्या पट्ट्यांनी भेग धरून ठेवायची तेच गायब. उलट कार्बन जास्त झाला की ग्राफाइट सुटं पडतं, ते पोकळीसारखंच काम करतं. या दोन्हीच्या मधली सुरक्षित जागा टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि कोबाल्ट जितका कमी तितकी ती आणखी अरुंद. चांगला कारखाना आणि स्वस्त कारखाना यांच्यात फरक मुख्यतः इथं पडतो, पावडर दोघांकडं सारखी असू शकते.

हे बटन न फोडता मोजता येतं. कोबाल्ट चुंबकीय आहे, त्यात जितकं जास्त टंगस्टन विरघळलेलं तितकं त्याचं मॅग्नेटिक सॅच्युरेशन, म्हणजे जास्तीत जास्त येणारं चुंबकत्व, कमी. आकडा फार खाली आला तर ईटाची शक्यता. दुसरा आकडा कोअर्सिव्हिटी, म्हणजे आलेलं चुंबकत्व घालवायला किती जोर लागतो ते, कण बारीक असतील तर तो वाढतो, म्हणून कणांचा अंदाज येतो. कुठलाही बरा उत्पादक प्रत्येक लॉटचे हे दोन्ही आकडे काढतोच. तुम्ही फक्त मागायचे. द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी तरी तो माल घेणार नाही.

पोकळीसाठी विचारा की सिंटर-हिप केलंय का. त्याच भट्टीत कोबाल्ट वितळलेला असताना ५० ते १०० बार आर्गॉनचा दाब देतात, आत उरलेल्या पोकळ्या मिटतात. कडकपणा जसाच्या तसा राहतो आणि वाकवून तोडायच्या चाचणीत ताकद स्पष्ट वाढलेली दिसते. बटनांसाठी एवढा खर्च नक्की करावा.

टीवाय_मेकॅनिकल

सर, मी डब्ल्यूआयटी कॉलेजला आहे, प्रोजेक्टसाठी विषय शोधतोय. क्रायोजेनिक ट्रीटमेंट केल्यावर कार्बाइड टफ होतं असं खूप ठिकाणी वाचलं, लिक्विड नायट्रोजनमधे ठेवायचं, ते खरं आहे का? आणि टायटॅनियम कार्बाइडचं सरमेट (सिरॅमिक आणि धातू एकत्र केलेलं) जास्त स्वस्त आणि हलकं आहे तर बटनं त्याची का बनवत नाहीत?

धातुशाळा

क्रायोबद्दल सावध राहा. थंड केल्यावर कोबाल्टची स्फटिकरचना थोडी बदलू शकते आणि अडकलेले ताण इकडंतिकडं होतात, काही प्रयोगांत झीज कमी झालेली दिसते. पण चिवटपणा ठामपणे वाढतो असं मी कोणाला सांगणार नाही. प्रोजेक्ट म्हणून चांगला आहे, फक्त एकाच लॉटची बटनं घ्या, अर्धी ट्रीटमेंट केलेली आणि अर्धी न केलेली.

टायटॅनियम कार्बाइडचा प्रश्न मात्र सुंदर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनची पाती टायटॅनियम कार्बाइड आणि निकेलच्या सरमेटची करायचे खूप प्रयत्न झाले, कारण ते हलकं आणि उष्णतेत टिकणारं. पाती गरम हवेत टिकली पण आघातात तुटली, आणि तो रस्ता सोडून द्यावा लागला. मूळ अडचण अशी की वितळलेला धातू सिरॅमिकवर पसरला पाहिजे, थेंब होऊन बसला तर कणांच्या सांध्यात पोचणारच नाही. कोबाल्ट टंगस्टन कार्बाइडवर अगदी पूर्ण पसरतो, म्हणून ही जोडी शंभर वर्षं टिकून आहे. निकेल टायटॅनियम कार्बाइडवर तसा पसरत नाही. १९५६ मध्ये फोर्ड कंपनीतल्या ह्युमेनिक आणि पारिख यांनी दाखवलं की त्यात मॉलिब्डेनम टाकला की निकेल नीट पसरतो, कणांभोवती वेगळं कवच तयार होतं आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत. पुढं नायट्रोजन घालून आजची सरमेट इन्सर्टं, म्हणजे मशीनच्या टूलवर बसवायचे धातू कापणारे तुकडे, आली. फिनिशिंगला ती उत्तम, पण खडकावरच्या आघातासाठी अजूनही टंगस्टन कार्बाइडचाच चिवटपणा लागतो.

दुसरा एक वेगळा रस्ता झिरकोनियाचा. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झिरकोनियाचे कण एका विशिष्ट रचनेत अडकवून ठेवले तर भेग जवळ आली की ते रचना बदलतात, आकारमान चारेक टक्क्यांनी वाढतं आणि भेगेचं तोंड आपोआप दाबलं जातं. धातू नसताना चिवटपणा! मला अजूनही हे शिकवताना वर्गात वेगळाच आनंद होतो.

पावडरमेट_हैदराबाद

आणि बिटवाले साहेबांनी पहिल्या पोस्टमधे विचारलं होतं की मधला रस्ता आहे का, तर आहे, आणि तो खडकाच्या बटनांसाठीच शोधला गेला. एकाच बटनात सगळीकडं सारखा कोबाल्ट ठेवायचाच नाही. स्वीडनच्या सँडविकनं १९८० च्या दशकात अशी बटनं आणली. आधी मुद्दाम कार्बन कमी ठेवून आत सगळीकडं ईटा होऊ द्यायचा, मग कार्बनच्या वातावरणात परत तापवायचं, बाहेरून कार्बन शिरत जातो, ईटा मोडतो आणि कोबाल्ट आतल्या बाजूला ढकलला जातो. शेवटी बाहेरचा थर कमी कोबाल्टचा आणि कडक, त्याच्याखाली जास्त कोबाल्टचा चिवट थर, आणि गाभ्यात थोडा ईटा. वर सांगितलं तो दोषच इथं कामाला लावलाय, पण तो पृष्ठभागापासून लांब आणि चिवट पट्ट्याच्या आत बंद आहे. शिवाय थंड होताना बाहेरच्या थरात दाबाचा ताण अडकतो, त्यामुळं भेग सुरू व्हायलाच त्रास. इन्सर्टमधे बरोबर उलटं करतात, कोटिंगच्या खाली वीस-तीस मायक्रॉनचा कोबाल्ट जास्त असलेला थर ठेवतात म्हणजे कोटिंगमधली भेग आत उतरत नाही.

बिटवाला_अक्कलकोटरोड

मंडळी, थोडं काम करून आलोय. ओळखीच्या सराफाकडं बसून काट्यावर बटनं हवेत आणि पाण्यात तोलली. जुन्या चांगल्या स्टॉकमधल्या सगळ्यांची घनता १४.९ च्या आसपास आली. नवीन सप्लायरच्या एकाच डब्यातल्यांची मात्र १४.५ पासून १४.९ पर्यंत, डब्यावर ६ टक्के छापलेलं. तुटलेले तुकडे भिंगाखाली बघितले, बहुतेकांत तुटण्याची सुरुवात डोक्यावर नाही, खांद्याच्या आत आहे, आणि दोन-तीन तुकड्यांत तिथं काळा ठिपका दिसतो. ग्राइंडिंगची जाळी एकातच सापडली. याचा अर्थ काय लावू?

पावडरमेट_हैदराबाद

फार उपयोगाचं काम केलंत. ६ टक्क्यांच्या मालाची घनता १४.९ ते १४.९५ यायला पाहिजे. १४.५ म्हणजे एकतर जवळपास ३ टक्के पोकळी, जी तुकड्यावर साध्या भिंगात सहज दिसली असती, नाहीतर ते बटन मुळात १० टक्के कोबाल्टचंच आहे आणि डब्यात लॉट मिसळलेत. काळा ठिपका असलेले तुकडे वेगळे ठेवा, ती पोकळी किंवा सुटं ग्राफाइट असणार. ईटा मात्र घनतेत कळणार नाही, त्यासाठी चुंबकीय आकडेच लागतील. हाताच्या लोहचुंबकानं काही समजत नाही, मशीनच पाहिजे.

शक्य असेल तर एखादं बटन कापून पॉलिश करून ३० किलोचा विकर्स ठसा (हिऱ्याचं टोक दाबून कडकपणा मोजतात तो) घ्या. ठशाच्या चारही कोपऱ्यांतून भेगा निघतात, त्यांच्या लांबीची बेरीज करायची, पामक्विस्ट पद्धत म्हणतात, आयएसओ २८०७९ मधे आहे. कडकपणा १५०० असताना बेरीज ०.४ मिलिमीटर आली तर चिवटपणा साधारण ९, आणि ०.२ आली तर १३. पॉलिश मात्र चांगलं पाहिजे, ग्राइंडिंगचा दाबलेला थर राहिला तर भेगा खोटंच छोट्या दिसतात.

टीवाय_मेकॅनिकल

कॉलेजमधे विकर्स मशीन आहे सर, पॉलिशिंगही होईल. बिटवाले काका, तुकडे मिळाले तर मी आणि माझा पार्टनर आमच्या सरांना विचारून करून देतो, आमचा पण विषय होईल.

जुळेसोलापूर_ताई

मी छातीच्या आजारांच्या ओपीडीत काम करते, मधेच वेगळं बोलतेय पण राहवलं नाही. कार्बाइडच्या धुळीतला कोबाल्ट फुप्फुसात गेला तर काही जणांना फुप्फुसं कडक होत जाणारा आजार होतो, हार्ड मेटल लंग म्हणतात, आणि कोरडा खोकला, दम लागणं एवढ्यानंच सुरुवात होते, लोक दुर्लक्ष करतात. कोरडं ग्राइंडिंग अजिबात करू देऊ नका. ओल्या ग्राइंडिंगमधे पण कूलंटमधे कोबाल्ट विरघळत जातो आणि त्याचा फवारा नाकात जातो, म्हणून कूलंट वेळच्यावेळी बदला, मशीनवर धूळ ओढायचा पंखा लावा आणि पोरांना रुमाल नाही, एन-९५ मास्क द्या. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर आलं की खोकला सुरू होतो असं कोणी म्हणालं तर लगेच दाखवायला पाठवा.

बिटवाला_अक्कलकोटरोड

ताई, हे उद्यापासूनच चालू करतो, मशीनला पंखा नाहीये तो आधी बसवतो.

@टीवाय तुकडे देतो, ठिपकेवाले आणि बिनठिपक्याचे वेगळ्या पुड्यांत. पुढची ऑर्डर मी अशी टाकणार आहे: ६ टक्के कोबाल्ट, जाड कण, सिंटर-हिप केलेलं, प्रत्येक लॉटची घनता, मॅग्नेटिक सॅच्युरेशन आणि कोअर्सिव्हिटी लिहून, आणि एका डब्यात एकच लॉट. बाहेरच्या ओळीसाठी थोडा जास्त कोबाल्टचा ग्रेड वेगळा घेऊ का, मोहोळवाल्यांनी सांगितलं म्हणून विचारतोय?

धातुशाळा

आत्ता नको. आधी दोन्ही ओळींना एकच चांगला लॉट लावून एक सीझन बघा, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

रिग_मोहोळ

पहिलं बिट माझ्या गाडीला लावा मालक, सांगोल्याकडं काळ्या पाषाणातली कामं घेतलीत. किती फूट झाले, कुठल्या थरात काय झालं ते वहीत लिहून आणतो, आणि एक तृतीयांश झालं की बिट काढायला मी स्वतः उभा राहतो.